कार्ड नंबर चुकला हे फोनला कसं कळतं? हान्स पीटर लून यांची गोष्ट

ऑनलाइन पैसे भरताना कार्ड नंबरचा एक आकडा चुकला की लगेच लाल अक्षरं येतात. बँकेला विचारायच्या आधीच फोनला चूक कळलेली असते. ही युक्ती शोधणारा माणूस १९६४ सालीच वारला. त्याचं नाव हान्स पीटर लून. मला हे नाव कॉलेजात भेटलं होतं, पण नीट कळलं ते एका फजितीनंतर.

माझी ताई दातांची डॉक्टर आहे. लातूरला तिचा छोटा दवाखाना आहे आणि आठवड्यातले दोन दिवस ती नांदेडला बसते. तिच्याकडे नेहमीचं चित्र असं: रूट कॅनल आईचं, आई गावाकडे, आणि बिल भरणारा मुलगा पुण्यात क्रेडिट कार्ड घेऊन. म्हणून इंजिनिअरिंग संपल्या संपल्या मी तिला पैसे भरायचं एक पान बनवून दिलं. कार्ड नंबर टाकला की लूनची चाचणी व्हायची आणि पास झाली की मोठी हिरवी टिक यायची. मला फार भारी वाटलं होतं.

एका पेशंटच्या मुलाने ती टिक बघितली आणि स्क्रीनशॉट पाठवून दिला. रिसेप्शनवरच्या काकूंनी वहीत जमा लिहिलं. व्यवहार मात्र पुढे ओटीपीच्या पानावर अडकून पडला होता. महिनाअखेरीला हिशोब जुळेना, तेव्हा ताईने त्या आजींना फोन केला. मुलाने पैसे भरलेत, असं आजी ठामपणे सांगत राहिल्या. त्यांच्या दृष्टीने दवाखाना एकाच कामाचे दोनदा पैसे मागत होता. कॅप बसवायची राहिली होती, पण त्या तीन आठवडे फिरकल्याच नाहीत. मुलाने बँकेचं स्टेटमेंट उघडून बघितलं तेव्हा प्रकरण मिटलं. चूक ना त्याची होती, ना काकूंची. लूनची चाचणी कशासाठी आहे हेच मला समजलं नव्हतं.

लून यांचा जन्म १ जुलै १८९६ चा, जर्मनीतल्या बार्मेन गावचा. वडील छपाईच्या धंद्यात होते, म्हणून तेच काम शिकायला मुलगा स्वित्झर्लंडला गेला. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यात संदेशवहन अधिकारी होता. युद्धानंतर मात्र छपाई सुटली आणि कापडाच्या धंद्यात शिरून तो १९२४ च्या सुमारास अमेरिकेत पोचला.

तिथे त्यांनी लुनोमीटर नावाचं साधन केलं. बारीक रेघा असलेली पट्टी कापडावर ठेवायची, रेघा आणि धागे मिळून एक नक्षी उमटते आणि त्यावरून इंचात किती धागे आहेत ते कळतं. भिंग लावून एकेक धागा मोजायची कटकट गेली. आमच्या नांदेडला उस्मानशाही मिल होती, त्यामुळे घरातल्या जुन्या माणसांना ही गोष्ट माझ्यापेक्षा लवकर समजली!

पुढे लून यांनी स्वतःची सल्लागार फर्म चालवली आणि घडी घालता येणाऱ्या रेनकोटपासून कॉकटेलच्या रेसिपी सुचवणाऱ्या साधनापर्यंत काय काय शोधून काढलं. आयुष्यभरात ८० पेक्षा जास्त पेटंट. १९४१ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, ते आयबीएममध्ये लागले. १९५३ च्या एका अंतर्गत टिपणात त्यांनी माहिती वेगवेगळ्या कप्प्यांत वाटायची कल्पना मांडली: नंबरवर छोटं गणित करायचं आणि उत्तर येईल त्या कप्प्यात तो टाकायचा, म्हणजे शोधताना एकच कप्पा उघडावा लागतो. आज प्रोग्रामिंगमध्ये आपण याला हॅशिंग म्हणतो. लेखाचा सारांश मशीनकडून काढून घ्यायचा प्रयोगही त्यांनी १९५८ साली केला होता. म्हणजे चॅटबॉटच्या कितीतरी आधी.

आता आपली चाचणी. पेटंटचा अर्ज जानेवारी १९५४ चा, मंजुरी ऑगस्ट १९६० ची. तेव्हा ते सॉफ्टवेअर नव्हतंच. हातात मावणारं, चाकं फिरवायचं, विजेशिवाय चालणारं यंत्र होतं. माणूस नंबर उतरवताना दोनच चुका जास्त करतो: एखादा आकडा बदलतो, नाहीतर शेजारचे दोन आकडे उलटसुलट होतात. त्या पकडायला शेवटी एक जादा आकडा जोडायचा.

समजा ताईच्या पेशंटचा फाइल नंबर २७४६६ आहे. उजवीकडून सुरू करा आणि एक आड एक आकडा दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवा. ६ तसाच, पुढच्या ६ चे १२ म्हणजे ३, मग ४ तसाच, ७ चे १४ म्हणजे ५, शेवटी २. बेरीज २०. शेवटी शून्य आलं, नंबर पास. आता घाईत कुणी ७२४६६ लिहिलं तर बेरीज २४ येते आणि चूक उघडी पडते. एक आकडा चुकला तर ही चाचणी हमखास पकडते. शेजारचे आकडे उलटले तरी पकडते, फक्त ०९ चं ९० झालं तर फसते, कारण ९ ची दुप्पट १८ आणि त्याचे अंक मिळवले की पुन्हा ९ च.

रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड, सगळ्यांचे नंबर या नियमात बसतात. तुमच्या फोनचा १५ आकडी आयएमईआयसुद्धा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करा आणि स्वतः करून बघा. आधारला मात्र ही चाचणी नाही, तिथे फेरहूफ यांची जास्त कडक पद्धत आहे, जी ०९ आणि ९० ची अदलाबदलही सोडत नाही.

लक्षात घ्या, यात बँक कुठेच आली नाही. कार्ड खरं आहे का, चालू आहे का, त्यात लिमिट आहे का, यातलं काहीही ही चाचणी सांगत नाही. सोळावा आकडा गणिताने काढून कुणीही पास होणारा नंबर बनवू शकतो. लून यांचं भांडण बोटांच्या चुकीशी होतं, फसवणुकीशी नाही. मी त्यांच्या टिकेला पावती समजलो.

१९ ऑगस्ट १९६४ रोजी ते गेले. भारतात सेंट्रल बँकेचं क्रेडिट कार्ड आलं १९८० साली, म्हणजे १६ वर्षांनी.

ताईचं ते पान मी बंद केलं. आता कार्ड नंबर आमच्याकडे येतच नाही, पेमेंट गेटवेच्या पानावरच टाकला जातो. तसंही १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना कार्ड नंबर साठवायला बंदी केली आहे, आणि वहीत लिहून ठेवणं तर त्याहून वाईट. काकू आता स्क्रीनशॉट बघत नाहीत. गेटवेच्या डॅशबोर्डवर रक्कम दिसली की मगच जमा लिहितात. लूनची चाचणी मी फाइल नंबरांना लावली आहे. लातूरची फाइल नांदेडला फोनवरून सांगताना काकूंची ७२ आणि २७ ची गल्लत होते, ती तिथेच पकडली जाते.