दादाभाईंचा कागदांचा संसार

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दादाभाई नौरोजी यांच्या खासगी कागदपत्रांचा प्रचंड संग्रह आहे. त्यात वेडरबर्न, हिंडमन, वाच्छा, मलबारी, गोखले अशा त्या काळच्या कर्त्या पुरुषांच्या स्वाक्षऱ्यांची पत्रे आढळतात. एखाद्या हौशी संग्राहकाने ती वहीत चिकटवून पाहुण्यांना दाखविली असती. दादाभाईंच्या संग्रहात मात्र त्यांच्याच शेजारी पावत्या, सभांची आमंत्रणे, वृत्तपत्रांची कात्रणे आणि सामान्य मतदारांची गाऱ्हाणीही आहेत. कोणता कागद उद्या पुरावा ठरेल हे आज सांगता येत नाही, म्हणून तो जपलाच पाहिजे, अशी त्यांची धारणा असावी. ही धारणा राजकारणी पुरुषाची नव्हे, गणिताच्या शिक्षकाची होय.

४ सप्टेंबर १८२५ रोजी जन्मलेल्या दादाभाईंचे पितृछत्र चौथ्या वर्षीच हरपले. आई माणेकबाई निरक्षर. परंतु मुलाच्या शिक्षणाबाबत तिने तडजोड केली नाही. मुंबईच्या ज्या शाळेत ते शिकले तेथे फी नव्हती. ती असती तर आपण शिकलोच नसतो, याची जाणीव त्यांना आयुष्यभर राहिली, आणि गरिबांच्या पैशावर झालेले हे शिक्षण गरिबांनाच परत करावयाचे ऋण आहे असे त्यांनी मानले. एल्फिन्स्टन संस्थेत गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे ते प्राध्यापक झाले, तेव्हा त्या पदावर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होते. ऋणफेडीस आरंभ मात्र त्याआधीच झाला होता. १८४९ मध्ये त्यांनी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुलींसाठी मराठी व पारशी शाळा काढल्या आणि आपला फुरसतीचा वेळ देऊन तेथे विनामूल्य शिकविले. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली. मुलींना अक्षरओळख झाली तर घर बुडेल, असे मानणाऱ्या समाजात हे काम सुखाचे नव्हते.

१८५५ मध्ये प्राध्यापकी सोडून ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. अफू आणि मद्य यांच्या व्यापारातला नफा त्यांना पचेना. थोड्याच वर्षांत त्यांनी ती भागीदारी सोडली. पुढे स्वतःची पेढी काढली, तीत खोटही खाल्ली. व्यापारात त्यांना यश आले नाही असे म्हणण्यास हरकत नाही. पण जमाखर्चाची दृष्टी त्यांना तेथेच मिळाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे अध्यापन करीत असतानाही शिक्षकाचा पेशा सुटला नव्हताच.

त्यांच्या दारिद्र्यविषयक निबंधाचे खरे महत्त्व कशात आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. भारत दरिद्री आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. दादाभाईंनी सरकारचीच पिकांची कोष्टके घेतली, प्रांतवार उत्पन्न आणि भाव मांडले व १८६७ ते १८७० या काळासाठी दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले. मग तुरुंगातील कैद्यास लागणाऱ्या अन्नवस्त्राचा हिशेब शेजारी ठेवला. मोकळ्या माणसाचे सरासरी उत्पन्न कैद्याच्या पोषणाच्या खर्चालाही पुरत नव्हते. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पद्धतीपुढे ती आकडेमोड कच्ची वाटेल. सेवाक्षेत्राला तीत जवळजवळ स्थानच नाही, ही टीका रास्त आहे. तरीही तिला उत्तर देताना सरकारला आपलेच आकडे खोटे म्हणावे लागले असते. या मांडणीचा परिपाक १९०१ च्या त्यांच्या ग्रंथात आहे.

१८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाचेक मतांच्या आधिक्याने ते पार्लमेंटात गेले. पुढच्याच वर्षी कच्छमध्ये डॉक्टर असलेला त्यांचा एकुलता मुलगा अर्देशीर वारला. वृद्ध पिता सात समुद्रांपलीकडे होता. देशाचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाच्या घरखर्चाच्या खात्यात ही नोंद कोणत्या बाजूला करावी? त्याच वर्षअखेर लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

मोहनदास गांधी १८८८ मध्ये विद्यार्थी म्हणून लंडनला गेले, तेव्हा त्यांच्याजवळ दादाभाईंच्या नावाचे परिचयपत्र होते. संकोचापायी त्यांनी ते फार उशिरा वापरले. पुढे दक्षिण आफ्रिकेतून ते दादाभाईंना नियमितपणे लिहीत, आणि उत्तरे येत ती दादाभाईंच्या स्वहस्ताक्षरात. लंडनमध्ये दादाभाईंची खोली गांधींनी पाहिली. दुसरी खुर्ची ठेवण्यास जागा नाही, एवढी ती लहान होती. मेज, खुर्ची आणि कागदांचे ढीग यांनीच ती भरली होती. प्रती निघतील अशा शाईने पत्र लिहावे आणि दाबयंत्राखाली त्याची नक्कल स्वतःच काढून ठेवावी, असा त्यांचा परिपाठ होता. कारकुनाचे हे काम लोकसभेत बसून आलेला माणूस करीत होता, आणि ते कमीपणाचे आहे असे त्याला वाटत नव्हते. पाठविलेल्या पत्रांच्या नकला म्हणूनच उरल्या.

१९०६ मध्ये कलकत्त्याच्या अध्यक्षीय व्यासपीठावरून त्यांनी स्वराज्याची मागणी उच्चारली, तेव्हा वय ८१ होते. १९०७ मध्ये परतून ते वर्सोव्याला राहिले. ३० जून १९१७ रोजी निवर्तले. रुस्तुम मसानी यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेले चरित्र याच कागदांवर उभे आहे. वाच्छांशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये छापला गेला, आणि निवडक खासगी कागदपत्रांचा खंड येण्यास २०१६ उजाडले. अर्देशीरच्या मुली पेरीन, गोशीबेन आणि खुर्शेद स्वातंत्र्याच्या चळवळीत पडल्या. पेरीन व खुर्शेद यांनी तुरुंगवासही सोसला.