तंबाखूचा बार जिथे, गाठ तिथे

शिरूर-दौंडकडे तंबाखूला चुना लावून मळायचा आणि बार ओठाखाली किंवा गालात धरायचा, याला कुणी व्यसन म्हणतही नाही. बायकांच्या मिश्रीची तर त्यात गणतीच होत नाही. या सवयीचे तोंडाच्या कॅन्सरशी असलेले नाते भारतात पुराव्यानिशी मांडणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे.

खानोलकरांचा जन्म 1895 चा, क्वेट्टा येथला. लंडन विद्यापीठातून 1923 मध्ये पॅथॉलॉजीची एम.डी. पदवी घेऊन ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर परळचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज येथे त्यांनी हा विषय शिकवला. पॅथॉलॉजिस्ट बहुधा रुग्णाला औषध देत नाही. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखणे हे त्याचे काम. 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा रोग, हिंदुस्थानात तो विरळाच, असा तेव्हा अनेकांचा समज होता. खानोलकरांसमोर मात्र तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांची रीघ लागलेली होती. अशा लागोपाठच्या 1000 रुग्णांचा आढावा त्यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केला. गाठ कुठे आहे एवढेच न पाहता माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, हेही ते विचारत.

त्यातूनच 1945 मध्ये सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी सवयींशी निगडित कॅन्सरचे तीन प्रकार मांडले. उत्तरेत तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठाच्या खाचेत ठेवतात. तिथेच गाठ येते. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढतात. तिथे गाठ टाळूला. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे काचत राहिली, तर कॅन्सर त्या जागच्या कातडीला. जागा बदलते ती सवयीप्रमाणे. रोग नुसता नशिबाचा किंवा रक्तातला असता, तर नेमकी तीच जागा त्याने का निवडावी?

संशय आणि पुरावा यांत अंतर असते. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह खानोलकरांनी कॅन्सरच्या रुग्णांच्या सवयी कॅन्सर नसलेल्यांच्या सवयींशी ताडून पाहिल्या. हे काम 1955 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा कॅन्सर अधिक, ओढणाऱ्यांत घशाकडचा अधिक, असे त्यातून दिसले.

पण तंबाखू पेशीत नेमके करते काय? या प्रश्नाची एक वाट दूर एडिंबरात उघडत होती. शार्लट ऑरबाख आणि जे. एम. रॉब्सन यांनी महायुद्धाच्या काळात फळमाश्यांवर मस्टर्ड वायूचा प्रयोग केला आणि रसायनाने जनुके बिघडतात हे दाखवले. युद्धातल्या गुप्ततेमुळे ते जगाला कळायला 1946 उजाडले.

तंबाखूचा धागा पुढच्या संशोधकांनी जोडला. पान वाळवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसअमाइन नावाची रसायने तयार होतात. शरीरात त्यांचे रूप बदलते आणि ती पेशीतल्या डीएनएला चिकटतात. पेशी दुभंगताना त्या जागी नक्कल चुकते. एखादी चूक पेशी दुरुस्त करते. पण दिवसातून दहा वेळा आणि तेही वीस वर्षे तोच मारा झाला, की पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुकेच निकामी होतात. चुना अस्तराला भाजतो आणि त्याची वाट सोपी करतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. भाजल्याने तिचे विष जात नाही.

म्हणूनच घराण्यात कुणाला कॅन्सर नाही, हा दिलासा खोटा आहे. ही जनुके आईबापांकडून बिघडून आलेली नसतात. ती आपल्याच गालात बिघडतात. तंबाखू खाऊन नव्वदी गाठलेले आजोबा सगळ्यांना आठवतात. पन्नाशीत गेलेला शेजारी कुणी मोजत नाही.

1952 मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले, त्याचे खानोलकर पहिले संचालक. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी 1949 मध्ये पीएच.डी. मिळवली ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. कुष्ठरोगावरही त्यांनी काम केले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. त्यांना पद्मभूषण मिळाले. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा उपयोग आजही आरशासमोर करता येतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तोंड पूर्वीइतके उघडत नसले किंवा तिखट झोंबू लागले, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ते दुखतच नाही. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात तोंड दाखवावे. तंबाखू सोडल्यावर धोका एका दिवसात जात नाही, पण वर्षागणिक उतरत जातो. जी गाठ सवयीने येते, ती सवय सोडून बऱ्याच अंशी टाळताही येते.