वनांचा सोबती : जॉन म्यूर

शरीरास अन्न जितकें आवश्यक, तितकाच मनास निसर्गाचा सहवास आवश्यक आहे. ही गोष्ट ज्यांनीं केवळ ग्रंथांत लिहिली नाहीं, तर स्वतःच्या आयुष्यांत पडताळून पाहिली, अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आज बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन म्यूर यांचा जन्म ता. २१ एप्रिल १८३८ रोजीं स्कॉटलंडांतील डनबार या समुद्रकांठच्या गांवीं झाला. १८४९ सालीं त्यांचे वडील अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतीं शेती करण्यास गेले. वडील फार करडे. बायबलाचा बराच मोठा भाग त्यांनीं मुलाकडून मुखोद्गत करून घेतला व त्यास दिवसभर शेतांत राबविलें. विहीर खणण्याचें कामहि जॉनवरच पडलें. छिन्नी-हातोड्यानें खडक फोडीत तो सुमारें ऐंशी फूट खोल गेला असतां, एके सकाळीं तळाशीं सांचलेल्या विषारी वायूनें त्याचे प्राणच जावयाचे. वर ओढून काढल्यामुळें तो वांचला. थोड्याच दिवसांनीं त्यास पुन्हा त्याच विहिरींत उतरावें लागलें! अशा कष्टांतहि मध्यरात्रीनंतर एक वाजतां उठून तो लांकडाचीं घड्याळें व यंत्रें बनवी.

पुढें विद्यापीठांत कांहीं काळ शिकून ते इंडियानापोलिस शहरीं गाड्यांचे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यांत लागले. यंत्रकामांत त्यांचा हात चांगलाच बसला होता. परंतु १८६७ सालच्या मार्च महिन्यांत यंत्राचा पट्टा नीट करीत असतां कानस निसटली व तिचें टोंक उजव्या डोळ्यांत शिरलें. लवकरच दुसऱ्या डोळ्यापुढेंहि अंधार पसरला. अठ्ठावीस वर्षांच्या त्या तरुणास काळोख्या खोलींत कित्येक आठवडे पडून राहावें लागलें. फुलें, पक्षी, डोंगर पुन्हा दिसतील कीं नाहीं, हीच चिंता त्यांचें मन जाळीत होती. सुदैवानें दृष्टि परत आली. तेव्हां त्यांनीं निश्चय केला कीं, यापुढें हे डोळे यंत्रांसाठीं नव्हे, तर ईश्वरनिर्मित सृष्टि पाहण्यासाठींच वापरावयाचे.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते केंटकी प्रांतांतून पायीं निघाले व सुमारें एक हजार मैल चालून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यास पोंचले. तेथें हिंवतापानें त्यांस अंथरुणास खिळविलें; पण उत्साह मावळला नाहीं. १८६८ सालीं ते कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या खोऱ्यांत आले, ते जणूं स्वतःच्या घरींच आले. भाकरी व चहा एवढ्या शिदोरीवर ते दिवसेंदिवस सिएरा पर्वतांत हिंडत. तें खोरें घडविण्यांत हिमनद्यांचा मोठा हात आहे, असें त्यांनीं प्रत्यक्ष पाहणीनें दाखविलें. प्रथम विद्वान् हंसले. पण मुख्य गोष्टींत म्यूर यांचें म्हणणेंच खरें ठरलें.

१८८० सालीं विवाह झाल्यावर ते मार्टिनेझ गांवीं सासऱ्यांच्या फळबागा पाहूं लागले. पैसा पुष्कळ मिळाला. परंतु कांहीं वर्षांत प्रकृति ढांसळली, शरीर वाळलें, मन उदास झालें. त्यांच्या सुज्ञ पत्नीनें दुखण्याचें मूळ ओळखलें आणि बागेची चिंता सोडून डोंगरांत जाण्याचा त्यांस आग्रह केला. १८८८ सालीं, पन्नासाव्या वर्षीं, ते चौदा हजार फुटांहून उंच अशा रेनियर शिखरावर चढून गेले!

आपणांस लाभलेलें सुख सर्वांस लाभावें, म्हणून त्यांनीं लेखणी उचलली. १८९० सालीं योसेमिटीचें राष्ट्रीय उद्यान झालें. १८९२ सालीं सिएरा क्लब स्थापन झाला. १९०३ सालीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांच्यासह तीन रात्री उघड्यावर काढल्या. पुढें हेच-हेची खोऱ्यांतील धरणास म्यूर यांनीं निकराचा विरोध केला. पण १९१३ सालीं तो लढा ते हरले. ता. २४ डिसेंबर १९१४ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

रानावनांत गेल्यानें प्रत्येक रोग बरा होतो, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु थकलेलें मन तेथें पुन्हा ताजें होतें, याची साक्ष हें चरित्र देतें. विद्यार्थिमित्रांनो, झाडांचीं व पक्ष्यांचीं नांवें शिका, पायीं हिंडा. आणि वडील मंडळींस आमची विनंती अशी कीं, म्यूर यांच्या पत्नीनें जें ओळखलें तें आपणहि ओळखावें. अभ्यासानें कोमेजलेल्या मुलास आणखी एक शिकवणी लावण्यापूर्वीं त्यास एक सायंकाळ टेकडीवर अगर नदीकांठीं घेऊन जावें.