नारायण मेघाजी लोखंडे : जखमी कामगाराच्या पगारासाठी झटलेला नेता

कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नेते म्हणून नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) ओळखले जातात. गिरणीतल्या अपघातांबद्दलची त्यांची मागणी मात्र फारशी कोणाला माहीत नसते.

रेल्वे आणि टपाल खात्यातील नोकरीनंतर लोखंडे मुंबईतील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. वाफेच्या इंजिनाची गती चामडी पट्ट्यांमधून यंत्रांना मिळत असे. त्या पट्ट्यात हात किंवा कपडा अडकला, की माणूस आत ओढला जाई. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालणे बंधनकारक केले, पण जखमी कामगाराच्या भरपाईची सोय त्यात नव्हती. हात गेला, की पगारही जाई.

सत्यशोधक विचारांचे लोखंडे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादकही होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांची सभा भरवली. तिच्यातील मागण्यांवर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. साप्ताहिक सुट्टीबरोबर त्यात आणखी दोन गोष्टी होत्या : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात झाला तो १९२३ मध्ये, म्हणजे त्या मागणीनंतर तब्बल ३९ वर्षांनी.