श्री संत गाडगे महाराज : वाईट चालीच्या जागी चांगली चाल

मंदिराचा जीर्णोद्धार करताना खचलेला दगड काढला की त्याच्या जागी दुसरा घडीव दगड लगेच बसवावा लागतो. जागा मोकळी ठेवली तर वरची भिंत ढासळते. मनुष्याच्या सवयींचेही असेच आहे. वाईट सवय सोडली, पण त्या वेळी करावयास दुसरे काही नसेल, तर जुनीच सवय चार दिवसांनी परत येते. हे मर्म शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या एका सत्पुरुषाने ओळखले आणि सारे आयुष्य त्याच कामी लावले. ते सत्पुरुष म्हणजे श्री संत गाडगे महाराज. जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल.

दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट समाजातील झिंगराजी व सखूबाई जानोरकर या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. त्यांचे नाव देबूजी. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडते. घरची शेती होती, वडील कष्टाळू होते. उणे म्हणून काही नव्हते. परंतु या घरात दारूने प्रवेश केला, आणि तोही देवाच्या नावाने.

त्या काळी बारसे, लग्न, तेरवी किंवा नवस फेडणे, कोणतेही कार्य असले तरी बोकड कापून कंदुरी केल्याशिवाय आणि दारू पाजल्याशिवाय पंगत उठत नसे. देवाला आधी चढवायची आणि मग आपण घ्यायची, अशी चाल होती. जो घेणार नाही तो भाऊबंदात कमी ठरे. झिंगराजींनी पहिला पेला कार्याचा म्हणून घेतला. पुढे कार्य नसतानाही पेला लागू लागला. शेत गेले, गुरे गेली, शरीरही गेले. देबू आठ वर्षांचा असताना, १८८४ च्या सुमारास, वडिलांनी इहलोकीची यात्रा संपविली. अखेरच्या दिवसांत त्यांना फार पश्चात्ताप झाला आणि मुलाला या नादापासून दूर ठेवण्याविषयी त्यांनी पत्नीला बजावले, असे चरित्रकार नमूद करतात.

विधवा सखूबाई लहानग्या देबूला घेऊन भावाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. मामा चंद्रभानजी हे तेथील शेतकरी. देबू गुरे राखू लागला. गोठा झाडावा, गुरांना नदीवर धुवावे, शेतात राबावे आणि रात्री सवंगड्यांना जमवून भजन करावे, असा त्याचा दिनक्रम होता. ज्या वयात वाईट संगत लागावयाची त्याच वयात त्याची संध्याकाळ टाळ-मृदंगाने भरून गेली.

याच घरी दुसरी शिकवण मिळाली. मामांना अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या कागदावर त्यांचा अंगठा उमटत गेला आणि शेवटी चांगली जमीन कर्जात गेली. त्या धक्क्याने मामा खचले व निवर्तले. दारू एका बाजूने आणि न वाचलेला कागद दुसऱ्या बाजूने घर कसे पोखरतो, हे देबूजींनी स्वतःच्या घरात दोनदा पाहिले. पुढे कीर्तनात कर्ज आणि अडाणीपणा यांवर ते पोटतिडिकीने बोलत, त्याचे मूळ येथे आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे पहिली कन्या आलोका जन्मास आली आणि बारशाचा दिवस उजाडला. भाऊबंद जमले. बोकड आणि दारू यांची वाट सर्वच पाहत होते. पंगत बसली आणि पानावर आले गोडाचे जेवण. दारूचा थेंब नव्हता की मांसाचा तुकडा नव्हता. जमलेली मंडळी रागावली, चाल मोडल्याचा बोभाटा झाला. देबूजी डगमगले नाहीत. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी बारसे रद्द केले नाही, पंगत मोडली नाही, पाहुण्यांना उपाशी धाडले नाही. पंगत तीच, आग्रह तोच, फक्त पानातला पदार्थ बदलला. वाईट चाल ज्या दाराने घरात आली होती त्याच दाराने त्यांनी चांगली चाल आत आणली.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मडक्याचे खापर, असा त्यांचा वेष होता. त्या खापरावरूनच लोक त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले. कोणत्याही गावात शिरले की ते आधी रस्ता झाडू लागत. कोण हा वेडा, म्हणून लोक पाहत राहत. थोड्या वेळाने एखादा लाजून हाती फडा घेई, मग दुसरा येई. दिवसा जी जागा स्वच्छ झाली तेथेच रात्री कीर्तन उभे राही.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात म्हाताऱ्या माणसांचे व लेकुरवाळ्या बायांचे फार हाल होत. देबूजी त्यांना हात देत, ओझी वाहत. पुढे लोकांच्या श्रमातून आणि वर्गणीतून तेथे त्यांनी घाट उभा केला. यात्रेत दारू आणि बोकड यांवर जाणारा पैसा अन्नदानाकडे वळावा, हा त्यांचा सततचा प्रयत्न होता. नवस फेडावा, पण तो भुकेल्याच्या पोटात फेडावा, अशी त्यांची शिकवण होती.

त्यांचे कीर्तन वेगळेच होते. पोथी नाही, गादी नाही. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसालाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. दारूने काय मिळाले, बोकड मारून कोणते पोर बरे झाले, सण कर्ज काढून का करायचा, शिवाशिव देवाने सांगितली की माणसाने, असे ते प्रश्न असत. उत्तर देता देता माणूस स्वतःशीच लाजे. मग देवकीनंदनाचा गजर सुरू होई आणि तो लाजलेला माणूसही टाळी वाजवू लागे. दारू सोडणाऱ्याला त्यांनी नुसता उपदेश केला नाही. संध्याकाळला भजन दिले, हाताला खराटा दिला आणि उरलेल्या पैशाला मुलाच्या शाळेची वाट दाखविली. जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, पण मुलाला शिकवावे, असा त्यांचा आग्रह असे.

पंढरपुरास ते वारीच्या वेळी जात, परंतु देवळातल्या गर्दीत शिरण्यापेक्षा वाळवंट झाडण्यात त्यांना अधिक समाधान वाटे. मंदिरे बांधण्यापेक्षा माणसांना आसरा देण्याकडे त्यांचा ओढा होता. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना उतरावयास जागा मिळत नसे. तेथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. नाशिक, आळंदी, मुंबई येथेही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूर येथे धर्मशाळा व गोरक्षणाचे कार्य झाले. मूर्तिजापूर हे यवतमाळ जिल्ह्यातील लोकांना परके नाही. यवतमाळहून दारव्हामार्गे जाणारी छोटी रेल्वे, सर्वांची शकुंतला, तेथेच जाऊन थांबे. ती गाडी आता बंद आहे, पण वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणातून ती गेलेली नाही.

लाखो रुपयांची कामे उभी राहिली तरी बाबांचे खापर तेच राहिले. संस्थांचा कारभार त्यांनी विश्वस्तांच्या हाती दिला आणि स्वतःच्या नातेवाइकांना त्यात वाटा ठेवला नाही. कोणाला पाया पडू दिले नाही, कोणाला शिष्य केले नाही. लोकांना जी सवय सोडावयास सांगितली ती प्रथम आपल्या घरात सोडून दाखविली, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्यांच्याविषयी नितांत आदर होता. दि. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, दि. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगे महाराजांनी देह ठेवला. अमरावती येथे गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयेही याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्यांनी स्वतः शाळा पाहिली नाही त्यांचे नाव आज शेतकऱ्यांच्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर असते. राज्य शासनाचे ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने चालले.

या चरित्रातून गावाने काय घ्यावे? दारूपायी उजाड झालेली घरे आपल्या जिल्ह्याला नवीन नाहीत. दारूबंदीसाठी आयाबहिणींनी मोर्चे काढले. दुकान मतदानाने बंद करण्याचा अधिकारही कायद्याने दिला आहे. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु दुकान बंद झाले तरी संध्याकाळ उरतेच. दिवसभर कापसाच्या शेतात राबून आलेला माणूस त्या वेळी कोठे जाईल, कोणाजवळ बसेल, याचे उत्तर गावाने दिले नाही, तर तो शेजारच्या गावची वाट धरील.

ते उत्तर देण्याची जागा आता सिद्ध झाली आहे. मजुरापासून मोठ्या देणगीदारापर्यंत सर्वांनी यथाशक्ती हातभार लावून हे मंदिर नव्याने उभे केले. सभामंडप झाला, दिवे लागले. आता तेथे रोज संध्याकाळी भजनाची बैठक भरावी, मुलांना अभ्यासाला जागा मिळावी, पहाटे पाळीपाळीने घरटी एका माणसाने अंगण झाडावे. गावात बारसे असो, लग्न असो की नवस असो, पंगत मोठी व्हावी आणि पानात गोड पडावे. दारू सोडलेल्या माणसाला कोणी टोमणा मारू नये. त्याच्या हाती टाळ द्यावे व त्याला पुढे बसवावे.

असे घडले तर दगडाबरोबर मनाचाही जीर्णोद्धार झाला असे म्हणता येईल आणि प्रत्येक देणगीदाराचा पैसा खऱ्या अर्थाने सत्कारणी लागेल. गाडगे महाराजांचा खराटा प्रत्येक घराच्या हाती येवो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.