सुभेदार रामजी सकपाळ : घरातली शाळा

भीमजयंतीच्या भाषणात सुभेदार रामजींचं नाव एका वाक्यात येतं आणि जातं. वडील सुभेदार होते, कबीरपंथी होते, एवढं सांगून वक्ते थेट बडोद्याकडे वळतात. आम्हीही अशी भाषणं पुष्कळ केली. पण अलीकडे विहारात येणाऱ्या आयाबहिणी विचारतात की पोरगं पुस्तकाला हात लावत नाही, मोबाईल सोडत नाही, काय करावं? उपदेश करण्याइतकं आमचं शिक्षण नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं वाचन गिरणीच्या पाळीतून उरलेल्या वेळात झालं. म्हणून या स्मरणिकेत रामजीबाबांची हकीकतच सांगतो.

रामजी मालोजी सकपाळ यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजीही पलटणीत होते. गावच्या शाळेत आपल्या माणसाला कोण घेणार? पण पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवायला शाळा असत. रामजींना विद्येची गोडी लागली ती तिथेच. पुढे पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते लष्करी शाळेत मास्तर झाले आणि चौदा वर्षं हेडमास्तर होते. पत्नी भीमाबाई या मुरबाडकर सुभेदार-मेजरांच्या कन्या. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी या जोडप्याला चौदावं अपत्य झालं, ते आपले भीमराव.

पेन्शन झाल्यावर रामजी कुटुंब घेऊन आधी दापोलीला, मग साताऱ्याला आले. तिथे भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे. आत्या मीराबाईंनी पोरं सांभाळली. पण रामजींचा एक नेम मोडला नाही. संध्याकाळी दिवा लागला की सगळ्या पोरांनी एकत्र बसायचं. अभंग, कबीराचे दोहे म्हणायचे, रामायण-महाभारत वाचायचं. कोणाचीही सबब चालत नसे. मास्तरकीची नोकरी संपली होती, पण घरातली शाळा चालूच राहिली.

आता कोणी म्हणेल, बाबासाहेब जन्मतःच पुस्तकवेडे असणार. तसं मुळीच नव्हतं. साताऱ्याला असताना ते खोडकर होते, अभ्यासात फारसं लक्ष नव्हतं. त्यातच रामजींनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने बघून त्या पोराचं मन कडू झालं. बापावर अवलंबून राहायचंच नाही असं त्यानं ठरवलं. साताऱ्याकडची पोरं मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात हे ऐकलं होतं, तेव्हा आपणही पळून जाऊन गिरणीत लागावं असा बेत केला. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी लांबवायचा रात्रीमागून रात्र प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती आली, तर आत निघाला फक्त अर्धा आणा! मुंबई राहिली. मग पोरानं मनाशी पक्कं केलं की खूप अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

आम्ही गिरणीत वाइंडिंग खात्यात काम केलेली माणसं. ही गोष्ट प्रथम वाचली त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पिशवीत आठ-दहा आणे असते तर!

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला लोअर परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. त्यातच चूल, जातं, सरपण, शेळीसुद्धा तिथेच. अभ्यासाला जागा कुठली? रामजींनी तोड काढली. पोराला लवकर झोपवायचं आणि आपण जागत बसायचं. दोन वाजता त्याला उठवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. मग रॉकेलच्या दिव्याखाली भीमराव पहाटेपर्यंत वाचत. जागा नाही ही तक्रार आमच्या चाळीत रोज ऐकू येते, आमच्याही घरात होती. पण पोरासाठी दोन वाजेपर्यंत आम्ही कधी जागलो नाही, हे लिहिताना लाज वाटते.

इंग्रजी रामजी स्वतः शिकवत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घटवून घेतली. भीमराव मात्र अभ्यास सोडून इतर पुस्तकं मागू लागले. रामजींना ते पटत नसे, आधी क्रमिक पुस्तकं वाच असं ते कुरकुरत. तरीही नवं पुस्तक मागितलं आणि नाही म्हटलं असं झालं नाही. पैसे नसले तर पागोटं घालून आधी धाकट्या लेकीच्या घरी जायचे, तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. रोख नसली की लेक दागिना द्यायची. तो गहाण पडायचा आणि पेन्शन आली की सुटायचा. या दोघी म्हणजे मंजुळा आणि तुळसा. त्यांच्या अंगावरच्या सोन्यावर भावाची पुस्तकं आली. आपल्या सभांत त्यांचं नाव कोणी घेत नाही, त्या स्वतः किती वाचू शकल्या असत्या हेही कोणी विचारत नाही.

एक प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परीक्षा पास झाल्यावर समाजानं सत्कार करायचं ठरवलं. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींचा विरोध होता. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची समजूत घातली आणि सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं. ते वाचून पोरगं बापालाच सवाल करू लागलं. आपल्याला रामायण-महाभारत वाचायला का लावलं, बुद्ध का नाही दाखवला? रामजींनी सांगितलं की आपली माणसं स्वतःला कमी समजतात. द्रोण, कर्ण, वाल्मिकी लहान कुळातून मोठे झाले हे मुलांना कळावं म्हणून. पोराला ते पटलं नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, यातलं कोणीच आपल्याला आवडत नाही, रामही नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं. रामजी कबीरपंथी, देवभोळे. तरी त्यांनी हात उगारला नाही की पुस्तक काढून घेतलं नाही. ते गप्प राहिले.

आमच्या थोरल्या मुलानं चौथीत असताना असाच एक उलटा सवाल केला होता. दिवसभराच्या पाळीनं अंग आंबलेलं, आम्ही त्याला दरडावून गप्प बसवलं. त्यानंतर तो घरात पुस्तकाबद्दल बोलेनासा झाला. दोष त्याचा नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ ला बी.ए.ला बसले आणि पुढच्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरत स्टेशनवर बाबांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजत होते. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. आता पैशासाठी कोणा बहिणीच्या दारी जाणारं माणूस उरलं नव्हतं.