निवडुंगाच्या माळावरचा कारखाना

आमच्या लोणी काळभोरच्या शिवारात मुठेच्या कालव्याचे पाणी खेळते. कालवा, विहीर आणि पंप यांच्या जोरावर येथे उसाचे मळे उभे राहिले. आमच्या पडवीत आजोबांचा एक लोखंडी नांगर अजून भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्यावरची अक्षरे गंजाने कधीच खाल्ली. पण घरात त्याला कुणी नांगर म्हणत नाही, किर्लोस्कर म्हणतात. लहानपणी मला ते औजाराचेच नाव वाटे. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. ग्रंथालयाचे कार्ड हाती पडले, तेव्हा त्या नावामागचा माणूस मी शोधला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. घराणे विद्वान, पण या मुलाचे मन पोथीपेक्षा रंगांत आणि यंत्रांत रमे. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे दैवाने घाला घातला. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसल्याचे उघडकीस आले. चित्रकाराचे स्वप्न तेथेच मोडले. दुसरा कुणी घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले; पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. वर्गाबाहेरचा वेळ ते तेथील यंत्रांच्या सहवासात घालवीत. १८८८ साली बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकली विकण्याचा जोडधंदा सुरू केला. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती जागा देण्यात आली, तेव्हा या स्वाभिमानी माणसाने राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला. नांगर उत्तम होता, गिऱ्हाईक मात्र फिरकेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. तयार नांगर कारखान्यात पडून राहिले. पैसा गुंतलेला, विक्री नाही, अशा स्थितीत लक्ष्मणराव नांगर सुधारीत राहिले. नव्या वस्तूच्या जन्मापेक्षा तिच्या स्वीकाराचा काळ अधिक लांब आणि अधिक जीवघेणा असतो, हे त्यांच्या चरित्रातून मला प्रथम कळले.

विक्रीला कुठे सुरुवात होते तोच दुसरे संकट आले. शहराच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडायला लावली. यंत्रे आहेत, कारागीर आहेत, पण उभे राहायला जमीन नाही! याच सुमारास औंध संस्थानात एका सभामंडपाच्या बांधकामानिमित्त त्यांचा तेथील राजेसाहेबांशी संबंध आला. हे औंध पुण्याजवळचे नव्हे, सातारा जिल्ह्यातले. अवघ्या ७२ गावांचे संस्थान आणि गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः हाडाचे चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा लक्ष्मणरावांना देऊ केली, आणि १०,००० रुपयांच्या कर्जाची सोयही झाली.

जागा कसली, निवडुंगाचे रान ते! साप-विंचू, खडक आणि पाण्याची टंचाई. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तेथे उतरले. मूठभर सहकारी आणि त्यांची कुटुंबे यांनी माळ साफ केला, झोपड्या उभारल्या आणि भट्टी पेटविली. त्यातून किर्लोस्करवाडी वसली. वाडीत जातीभेदाला थारा द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रखवालीचे काम सोपविले, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला.

येथे इतिहासाचा एक विलक्षण योगायोग सांगितला पाहिजे. त्याच १९१० साली मद्रास इलाख्याचे सरकार नवे उद्योग उभारण्यासाठी स्वतः प्रयोग करीत होते. लंडनमधील भारतमंत्री मोर्ले यांनी त्या धोरणाला आक्षेप घेतला. उद्योग उभारणे हे सरकारचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याने हात आखडला. आणि ७२ गावांच्या राजाने मूठ उघडली.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले आणि मागणी वाढली. पण लोखंड व कोळसाही दुर्मिळ झाला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले! १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. पुढे चरक, पंप, इंजिने असा पसारा वाढला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले, आणि १९४६ साली पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हे सारे मी का लिहितो आहे? माझे वडील रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे काम करतात. सरी पाडता पाडता उसाचे बेणे टाकणारे एक औजार त्यांनी स्वतःच्या डोक्याने बनविले. ते वाढविण्यासाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा गहाण काय ठेवता आणि तीन वर्षांचा हिशेब कुठे आहे, असे विचारले गेले. औजार आज लिंबाखाली उभे आहे. वडिलांची बरोबरी मी लक्ष्मणरावांशी करीत नाही. पण १९१० साली राजेसाहेबांनीही गहाणवटच मागितली असती तर?

आज सरकारचा हात आखडलेला नाही. २०१६ साली स्टार्टअप इंडिया योजना आली, तिच्याबरोबर १०,००० कोटी रुपयांचा निधी जाहीर झाला. २०२५ साली संशोधन व नवनिर्मितीसाठी १ लाख कोटींची योजना सुरू झाली. प्रयोगशाळेतून बाजारात यायला वर्षानुवर्षे घेणाऱ्या, ज्याला आता डीप-टेक म्हणतात, अशा तंत्रज्ञानासाठी ती आहे. राजाची मर्जी एका माणसाची असते; धोरण सर्वांसाठी असते, म्हणून ते श्रेष्ठच. मात्र औंधने रकमेबरोबर आणखी दोन गोष्टी दिल्या होत्या: पाय रोवायला जमीन, आणि माणूस पाहून टाकलेला विश्वास. निधीचा आकडा कोटींत गेला, तरी या दोन गोष्टी पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचल्याखेरीज नवा लक्ष्मणराव उभा राहणे कठीण.

पडवीतल्या नांगराला मी परवा तेल लावले. गंजाखाली दोन अक्षरे अजून शिल्लक आहेत.